शेजारच्या सीटचं माप

१

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी तिच्याकडे वाकून बघायची मास्तरांना खोड होती. बँकेत असोत की दवाखान्यात, ते आधी गादी चाचपत, मग एक डोळा मिटून तिच्यातला खळगा बघत आणि कुणी विचारलेलं नसताना शेजाऱ्याला सांगत, "इथला माणूस उजव्या कोपरावर रेलतो. अंगाने भारी आहे. सहा-सात वर्षं तरी बसतोय." शेजारी बहुधा उठून दुसरीकडे बसत असे.

मास्तरांचा धंदाच तो. जुन्या गाड्यांच्या सीटा बनवायच्या, आणि त्यातही उंच माणसांना बुटक्या गाडीत बसवून द्यायचं. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या दिसायला देखण्या, पण सहा फुटांच्या माणसाने आत बसायचं म्हटलं की छप्पर डोक्यात, स्टिअरिंग मांडीत आणि गुडघे कानांशी. मास्तर मूळची स्प्रिंगांची जाडजूड सीट उचकटून काढत, तिथे पातळ सांगाड्याची बसकी सीट घालत, खालचे रूळ चार बोटं मागे सरकवत आणि पाठ जराशी कलती करत. शिलाई काकूंची. काकू म्हणजे मास्तरांची बायको. कारखान्याच्या खिडकीपाशी एकतीस वर्षं तिचं मशीन होतं आणि मशीनपुढे तिची खुर्ची, उरल्यासुरल्या कातड्याचे तुकडे जोडून शिवलेल्या गादीची.

दातांच्या डॉक्टरीणबाई त्या सोमवारी गाडी घेऊन आल्या तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलंडलेली होती. बाई सहा फूट तीन इंच. गाडी दोन सीटची, गडद हिरवी, त्यांच्या मामांची. मामा गेल्या वर्षी वारले आणि गाडी भाचीच्या नावावर करून गेले. बाईंनी उतरून कंबर सरळ केली आणि सांगितलं की लहानपणापासून या गाडीत बसायचं मनात होतं, पण मामा कुणालाच बसवत नसत.

"शेजारची सीट रिकामी असायची हो," त्या म्हणाल्या. "तरी म्हणायचे, जागा नाही."

दुपारी मास्तरांनी दोन्ही जुन्या सीटा काढून उजेडात मांडल्या. चालवणाऱ्याची सीट पार बसली होती. चाळीसएक वर्षं एकच माणूस, बुटका, अंगाने सडपातळ. शेजारची सीट मात्र दुकानातून कालच आणल्यासारखी गुबगुबीत. तिच्यावर कधी कुणी बसलेलंच नव्हतं. बाई खरं सांगत होत्या म्हणायच्या.

मग त्यांनी गाडीत डोकं घालून खालची रबरी चटई बघितली. शेजारच्या सीटपुढे, बरोबर टाचा टेकतात तिथे, चटईला दोन भोकं पडली होती. रबर झिजून झिजून खालचा पत्रा दिसत होता, आणि पत्राही घासून चकचकीत झाला होता.

"अगं, बघ तरी," मास्तर म्हणाले. "टाचा झिजवल्या, आणि बसला मात्र नाही."

काकूने मान वर न करता सांगितलं की मामा तिथे किराणा ठेवत असतील, आणि दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसण्यापेक्षा पातळ फोम कापून दिला तर बरं होईल. मास्तरांनी फोम कापून दिला. पण किराण्याच्या पिशव्यांना टाचा नसतात, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

२

नव्या सीटा चार दिवसांत उभ्या राहिल्या. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच फोमच्या. जोडी सारखी दिसायला हवी म्हणून. चटईही नवी घातली. शुक्रवारी मास्तरांनी सीटा गाडीत बोल्टांनी आवळल्या आणि चालवणाऱ्याच्या सीटवर जावयाला बसवलं.

जावई म्हणजे ताडपत्रीचा वाळू भरलेला पुतळा. नवा फोम आधी दाबून मुरवला नाही तर महिन्याभरात वेडावाकडा बसतो. म्हणून मास्तर गिऱ्हाइकाच्या वजनाइतकी वाळू भरून, त्याच्या उंचीला ताणून हा पुतळा तीन दिवस सीटवर ठेवत. तो नुसता बसून राहतो, काही काम करत नाही आणि त्याला कुणी काही बोलत नाही, म्हणून काकूने त्याचं नाव जावई ठेवलं होतं. शेजारच्या सीटला जावयाची गरज नव्हती. तिथे कुणीही बसणार, कुणाचं म्हणून माप घ्यायचं?

शनिवारी सकाळी शटर वर करून मास्तरांनी गाडीत डोकावलं. जावई काल होता तसाच बसला होता. त्याच्या शेजारच्या सीटवर खळगा पडला होता.

खोल नव्हता. वर्षभर कुणी रोज बसावं एवढाच. मास्तरांनी चष्मा पुसला. मांजर? मांजराचा खळगा गोल असतो. फोम खराब निघाला? मग तो सगळीकडून बसायला हवा. इथे दोन मांड्या स्वच्छ दिसत होत्या, मागे पाठीचा कणासुद्धा. त्यांनी टेप काढला. भीती वाटण्याऐवजी त्यांना खरं तर मजा वाटत होती. त्यांनी रुंदी घेतली, मांडीची लांबी घेतली, पाठीची उंची घेतली आणि सगळं वहीत उतरवून ठेवलं. उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खोल होती, तेही लिहिलं.

मग कामाला लागावं म्हणून ते आपल्या स्टुलावर बसले आणि लगेच उठले.

मास्तर लहानपणी शिडीवरून पडले होते. तेव्हापासून त्यांचा उजवा खुबा डाव्यापेक्षा बोटभर खाली. सरळ खुर्चीवर पाव तास बसले की कमरेतून कळ निघून पायात उतरायची. जगात तीनच जागा त्यांना धड होत्या: हे स्टूल, घरातली जेवायची खुर्ची आणि गादीची डावी बाजू. तिन्ही जागा वर्षानुवर्षं बसून, लोळून त्यांच्या अंगाच्या झाल्या होत्या. आणि आज स्टूल टोचत होतं.

३

रविवारी कारखाना बंद असतो. मागच्या दाराने घर लागूनच होतं, त्यामुळे बंद म्हणजे फक्त शटर खाली. चहा झाल्यावर मास्तर 'जावयाला बघून येतो' म्हणून आत गेले ते परत येईनात, तेव्हा काकू बघायला आली.

मास्तर गाडीशेजारी उकिडवे बसले होते. खळगा वाढला होता. कालचा वर्षाचा होता, आजचा दहा-बारा वर्षांचा. शिवण ताणली गेली होती, कातड्याला बारीक सुरकुत्या आल्या होत्या, आणि हे काम एका रात्रीत करायला कुठल्याच वजनाला जमलं नसतं. शटरला कुलूप होतं. मागचं दार तर त्यांच्या स्वयंपाकघरातच उघडत होतं. त्यांनी सगळ्या शक्यता बोटांवर मोजल्या आणि बोटं संपायच्या आत शक्यता संपल्या.

काकूने वही उचलली आणि वाचली.

"ही तुमची मापं कशाला लिहून ठेवलीत?"

"माझी?"

"मग कुणाची? तीस वर्षं तुमच्या पँटी शिवतेय मी. बैठक, मांडी, उजवीकडे बोटभर सोडायचं. तुमचीच आहेत."

मास्तरांनी वही घेऊन पुन्हा वाचली. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेला, पण स्वतःचं माप कुणी स्वतः घेत नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ते उठून स्टुलाकडे गेले. स्टुलावरची गादी त्यांनी उजेडात धरली. अठरा वर्षांचा खळगा, डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखू यावा असा, तो गेला होता. गादी फुगून सपाट झाली होती.

काकूने गादी हातात घेतली, दाबली, पालथी करून शिवण बघितली. शिवण तिचीच होती. तिने गादी स्टुलावर परत ठेवली. मग म्हणाली की सीट उसवून फोम बदलून टाकू, आत्ताच्या आत्ता.

"थांब ना," मास्तर म्हणाले. "उद्या किती होतो ते बघू."

एवढं बोलताना आपल्या आवाजात उत्सुकता आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

४

सोमवारी जेवायची खुर्ची गेली. मास्तर चहाला बसले आणि खुर्ची परक्याची असल्यासारखी लागली. पाच मिनिटांत कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. त्यांनी चहा उभ्यानेच घेतला. काकूने आत जाऊन पलंगावरची चादर ओढून काढली. गादीची तिची बाजू रोजच्यासारखी बसकी होती. डावी बाजू वर आली होती, सपाट, कधी कुणी निजलंच नसल्यासारखी.

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला इथून उचलताहेत," ती म्हणाली.

"कोण?"

ते तिलाही माहीत नव्हतं.

दोघं कारखान्यात आली. खळगा आता पुरा झाला होता. मास्तरांनी वर्षं मोजली, तीस तरी भरत होती. त्यांना आठवलं की मामांची शेजारची सीट कोरी होती. पण ती तर वापरून झाल्यावरची. आधी ती कशी दिसत असेल, हे कुणी बघितलं होतं?

त्यांनी हात पुढे केला आणि खळग्यात तळवा टेकवला. नवा फोम होता, बोटाने दाबला तरी दबायला हवा. त्यांनी जोर लावला, मग दोन्ही हातांनी जोर लावला. फोम तसूभरही खाली गेला नाही. जेवढा दबायचा तेवढा तो आधीच दबलेला होता. मास्तरांनी हात मागे घेतला आणि उगाचच शर्टाला पुसला.

मास्तरांची एक रीत होती. सीट बसवून झाली की पहिली फेरी ते गिऱ्हाइकाबरोबर मारत, शेजारी बसून. चालवताना माणसाचा खांदा कुठे येतो, गुडघा कुठे अडतो, हे बाहेरून कळत नाही. ही फेरी त्यांनी आजवर कधी चुकवली नव्हती, तापात सुद्धा. आणि डॉक्टरीणबाई अकरा वाजता येणार होत्या.

"आज जायचं नाही," काकू म्हणाली.

खरं सांगायचं तर मास्तरांना बसायचं होतं. तीन दिवस कंबर ठणकत होती आणि समोर जगातली एकच जागा होती जी त्यांच्या अंगाची होती. पण त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. तिथे बसल्यावर काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. लोकांना दारूचं व्यसन असतं, मास्तरांना हे होतं.

काकूने एवढ्या वर्षांत त्यांना चांगलंच ओळखलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग आत जाऊन पंधरा दिवसांपूर्वी घेतलेल्या नव्या चपला घालून आली.

५

डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी जावयाला खाली उतरवलं, त्या बसल्या आणि त्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. डोक्यावर तीन बोटं जागा, गुडघा स्टिअरिंगच्या खाली मोकळा, मान सरळ. बाईंचे डोळे भरून आले. मामा वर्षानुवर्षं या काचेतून जे बघत होते ते आज त्यांना दिसत होतं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेजारच्या सीटवर थाप मारली.

"चला मास्तर, बसा."

"आज मी येते," काकू म्हणाली. "यांची कंबर धरलीय."

मास्तरांनी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात विचार आला की खळगा हिच्या मापाचा नाही, मग आता काय होईल? हा विचार अर्ध्या श्वासाएवढाच होता. तेवढ्यात काकू बसली होती. तिच्या अंगाला तो खळगा मोठा होत होता, उजवीकडे ती जरा कलली. तिने पाय नव्या चटईवर टेकवले, पदर आत ओढून घेतला आणि दार लावून घेतलं.

"स्टुलावर बसून बघा," तिने खिडकीतून सांगितलं.

गाडी रस्त्याला लागली. मागच्या काचेतून डॉक्टरीणबाईंचं डोकं दिसत होतं आणि त्यांच्या शेजारी काकूचा अंबाडा. काकूला गाडीत बसलं की बोलल्याशिवाय चैन पडत नसे, बोलताना तिचं डोकं सारखं इकडेतिकडे हलायचं. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत अंबाडा एकदाही हलला नाही.

६

मास्तर आत येऊन स्टुलावर बसले.

आणि हसले. खळगा परत आला होता. उजवा खुबा आपल्या जागी गेला, कळ पायातून वर सरकत कमरेत आली आणि विझली. ते उठून घरात गेले, जेवायच्या खुर्चीवर बसले. बरोबर. पलंगावर आडवे झाले. बरोबर. सगळं जिथल्या तिथे. त्यांच्या बायकोने नुसतं जाऊन बसून सगळं सुरळीत केलं होतं, आणि आपण उगाच जीव टांगणीला लावला होता. ती आली की तिला काय काय सांगायचं, याची ते मनात जुळवाजुळव करत पुन्हा कारखान्यात आले.

मशीनपाशी ते थांबले.

काकूच्या खुर्चीची गादी फुगली होती. तुकडे तेच, शिवण तीच, मधला निळा तुकडा तोच. एकतीस वर्षांचा खळगा मात्र तिच्यावर नव्हता. मास्तरांनी गादीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

अर्ध्या तासाने गाडी आली. डॉक्टरीणबाई खुशीत उतरल्या. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेऊन आभार मानले आणि सांगितलं की पाच-सहा वर्षांत इतकं सुखाने कुठल्याच गाडीत बसले नव्हते. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "काकू मात्र एक शब्द बोलल्या नाहीत हो. त्या शेजारी आहेत हे मी मध्ये विसरूनच गेले."

शेजारचं दार उघडलं. काकू उतरली. साडी तीच, अंबाडा तसाच, चेहऱ्यावर एक सुरकुती कमी नाही की जास्त नाही. ती कारखान्याच्या पाटीकडे बघत उभी राहिली, मग खिडकीकडे, मग मास्तरांकडे. त्यांच्याकडे ती फार वेळ बघत होती.

मास्तरांनी तिच्यामागून गाडीत बघितलं. सीट कोरी होती, एक सुरकुतीसुद्धा नाही. चार दिवसांच्या चटईला दोन भोकं पडली होती आणि खालचा पत्रा चमकत होता. त्यांची नजर काकूच्या पायांकडे गेली. पंधरा दिवसांच्या चपलांच्या टाचा झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. एका चपलेतून टाच थेट जमिनीला टेकत होती.

डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या. दोघं आत आली.

"किती वेळ झाला?" काकूने विचारलं.

"अर्धा तास."

"अर्धा तास," ती स्वतःशी म्हणाली. तिने हात वर करून भिंतीवरची कात्री शोधली. कात्री एकतीस वर्षं टांगलेली होती त्याच खिळ्यावर होती, तरी तिला ती सापडायला वेळ लागला.

मास्तरांच्या जिभेवर शंभर प्रश्न होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकही विचारला नाही. त्यांना फक्त तिला बसवायचं होतं. त्यांनी आपलं स्टूल उचलून मशीनपाशी आणलं आणि म्हणाले, "अगं, इथे बस. दमली असशील."

"माझी खुर्ची आहे की मला," काकू म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर बसली.

फुगलेली गादी तशीच फुगलेली राहिली. मधला निळा तुकडासुद्धा खाली गेला नाही.

तिने सुईत दोरा ओवला, कापडाचं टोक सरळ केलं आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. मग मास्तर अजून उभेच आहेत हे तिच्या ध्यानात आलं.

"नुसतं बघताय काय?" ती म्हणाली. "जरा हात द्या. ते कातडं धरा."

मास्तरांनी कातडं धरलं. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचा खांदा धरला, घट्ट, आणि ती शिवत होती तोवर सोडला नाही.